पारख विद्यालयाची

बैल घेताना आपण त्याचे दात पाहतो, त्याला चालवून पाहतो. पण मुलासाठी कॉलेज पारखायचे ते कसे? व्यापारशिक्षणाचा इतिहास याबाबत मोठा बोलका आहे.

अमेरिकेत १८८१ साली फिलाडेल्फियाला व्हार्टन स्कूल निघाले. पुढे अशी विद्यालये वाढली. त्यांना काही एक माप हवे, म्हणून १९१६ साली सतरा संस्थांनी संघ स्थापला आणि १९१९ मध्ये पहिली मानके ठरवली.

मग सारे सुरळीत झाले म्हणता? छे! १९५९ साली फोर्ड आणि कार्नेगी या प्रतिष्ठानांच्या साहाय्याने दोन अहवाल निघाले. प्रवेशाला कस नाही, अभ्यासक्रम उथळ, अध्यापकांची तयारी अपुरी, असे त्यांनी स्पष्ट बजावले. विद्यालये खडबडून जागी झाली. १९९१ मध्ये संघाने मापच बदलले. साऱ्यांना एकच साचा न लावता, ‘तुमचे उद्दिष्ट कोणते, ते साधता का?’ असे विचारणे सुरू झाले.

आज विद्यालय आधी स्वतःचाच हिशेब लिहिते. मग इतर विद्यालयांतले जाणकार येऊन तो ताडून पाहतात. मान्यता मिळाली, तरी काही वर्षांनी पुन्हा तपासणी असतेच. आपल्याकडे १९९४ साली स्थापन झालेल्या ‘नॅक’चीही रीत बराच काळ साधारण अशीच होती.

तेव्हा शिक्का जरूर पाहा. पण तो कधीचा आणि कशाबद्दलचा, हेही विचारा. पोराच्या उमेदीची वर्षे परत मिळत नाहीत!