बोरीबंदर ते ठाणे : आगगाडीची मालकी नेमकी कोणाची होती?

१६ एप्रिल १८५३. दुपारी साडेतीनच्या सुमारास बोरीबंदरहून सुमारे चारशे निमंत्रितांना घेऊन निघालेली चौदा डब्यांची गाडी ठाण्यास पोहोचली. एकवीस तोफांची सलामी आणि साहिब, सिंध, सुलतान ही इंजिने सर्वांना पाठ असतात. मात्र ही गाडी कोणाच्या मालकीची होती, आणि ती बुडाली असती तर कोणाचे घर लिलावात निघाले असते, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. हा धागा त्या प्रश्नाविषयी.

'इंग्रज सरकारची' हे उत्तर चुकीचे आहे. ती ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे या खासगी कंपनीची होती. १ ऑगस्ट १८४९ रोजी ब्रिटिश संसदेने खास कायदा करून या कंपनीला जन्म दिला. एका कंपनीसाठी संसदेचा स्वतंत्र कायदा कशाला लागावा? याचे कारण भागीदारीच्या कायद्यात आहे.

मराठी व्यापाऱ्याला 'पाती' आणि 'पातीदार' हे शब्द जुने. चार जणांनी भांडवल घालायचे, नफा वाटून घ्यायचा. परंतु भागीदारीत नफ्याला वाटणी असते, कर्जाला नसते. पेढीचे देणे थकले तर सावकार कोणाही एका भागीदाराला गाठून पूर्ण रक्कम मागू शकतो. त्याचा हिस्सा रुपयात एक आणा असला तरीही. त्या काळच्या इंग्लंडमध्ये तर नुसता नफ्यात वाटा घेतला, एवढ्यावरून माणूस भागीदार ठरे आणि देण्यात अडके. १८६० साली कॉक्स विरुद्ध हिकमन या खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्सने ही कसोटी बदलली : व्यवहार करणारा माणूस दुसऱ्याच्या वतीने, त्याचा प्रतिनिधी म्हणून तो करत होता काय, हे पाहावे.

लंडनमधील एखाद्या निवृत्त पाद्र्याने ठाण्याच्या खाडीवरील पुलासाठी अशा जोखमीवर पैसे गुंतवले असते काय? अर्थातच नाही. मर्यादित जबाबदारीचा सर्वसाधारण कायदा इंग्लंडमध्ये १८५५ साली आणि हिंदुस्थानात १८५७ साली आला. येथील १८५० च्या कायद्याने कंपनीची नोंदणी शक्य झाली होती, पण भागधारकाची जबाबदारी अमर्यादच राहिली होती. म्हणून १८४९ मध्ये संसदेचे दार ठोठावण्याखेरीज मार्ग नव्हता.

आता संचालकांकडे वळू. जगन्नाथ शंकरशेट आणि सर जमशेटजी जीजीभाई ही दोन नावे या कंपनीच्या पहिल्या हिंदी संचालकांत अभिमानाने सांगितली जातात, आणि तो अभिमान रास्त आहे. १८४५ पासून मुंबईत रेल्वेसाठी खटपट करणाऱ्यांत हे दोघे होते. परंतु कंपनीचे मुख्य संचालक मंडळ लंडनमध्ये बसत असे. भांडवलाची उभारणी, ईस्ट इंडिया कंपनीशी वाटाघाटी आणि महत्त्वाचे निर्णय तेथे होत. नाना शंकरशेटांच्या गौरवाच्या भरात हे विसरले की या कंपनीचा कारभार समजत नाही.

त्याच महिन्यात, ऑगस्ट १८४९ मध्ये, ईस्ट इंडिया कंपनीशी करार झाला. पाच लाख पौंड भांडवलावर पाच टक्के व्याजाची हमी मिळाली. जमीन मोफत, ९९ वर्षांच्या मुदतीने. पाच टक्क्यांहून अधिक नफा झाला तर सरकार आणि कंपनी यांच्यात वाटणी. कमी पडले तर तूट सरकार भरणार, म्हणजे शेवटी हिंदुस्थानातील शेतसारा भरणारा रयत भरणार. मोबदल्यात संचालक मंडळावर सरकारचा एक पदसिद्ध सदस्य बसवण्यात आला. त्याला जवळजवळ प्रत्येक ठरावावर नकाराधिकार होता.

या रचनेतील विसंगती पाहण्यासारखी आहे. संचालकाचे पहिले कर्तव्य म्हणजे दुसऱ्याचा पैसा स्वतःच्या पैशाइतक्या काळजीने वापरणे. पण येथे भागधारकाचे उत्पन्न काळजीवर अवलंबूनच नव्हते. रेल्वे काटकसरीने बांधली काय आणि उधळपट्टीने बांधली काय, पाच टक्के ठरलेले. हिंदुस्थान सरकारचे माजी अर्थसदस्य विल्यम मॅसी यांनी १८७२ साली संसदीय समितीपुढे साक्ष दिली, ती याच आशयाची : पैसे हुगळीत फेकले काय किंवा विटा-चुन्यात घातले काय, गुंतवणूकदाराला सारखेच. ज्याचे नुकसान होणार होते तो रयत ना भागधारक होता, ना मतदार. त्याच्या वतीने बोलणारा एकच आवाज मंडळावर होता, तो सरकारी सदस्याचा. आणि तोही रयतेने नेमलेला नव्हता.

ही झाली कंपनी. रूळ प्रत्यक्ष टाकणारे लोक मात्र जुन्या पद्धतीचे भागीदार होते. मुंबई-ठाणे मार्गाचे कंत्राट फॅव्हिएल आणि फाउलर या जोडीकडे होते. फाउलर आजारपणामुळे काही काळात बाहेर पडला आणि फॅव्हिएलने काम पुढे नेले. भागीदार निवृत्त झाला तरी त्याच्या काळातील देण्यांतून तो आपोआप सुटत नाही, हा नियम अशा प्रसंगांसाठीच आहे. ठाण्याची खाडी ओलांडून १ मे १८५४ रोजी गाडी कल्याणला पोहोचली.

पुढे बोर घाट आला आणि तेथे जोखीम म्हणजे काय ते उघड झाले. फॅव्हिएलने १८५५ मध्ये घाटाचेही कंत्राट घेतले. जानेवारी १८५९ मध्ये थकलेल्या मजुरीवरून मजुरांचा दंगा झाला आणि मार्चमध्ये त्याने काम सोडले. नंतर आलेला सॉलोमन ट्रेडवेल हिंदुस्थानात उतरल्यावर काही दिवसांतच मरण पावला. त्याच्या विधवेने, अ‍ॅलिस ट्रेडवेलने, कंत्राट सोडले नाही. अ‍ॅडमसन आणि क्लाउझर या अभियंत्यांच्या हाती काम सोपवून तिने ते तडीस नेले. १८६३ साली घाट खुला झाला. येथे एक गंमत नोंदवण्याजोगी आहे. आजच्या भारतीय भागीदारी कायद्याच्या कलम ६ मध्ये 'मृत भागीदाराची विधवा' येते, ती वार्षिक रक्कम घेणारी स्त्री म्हणून. तेवढ्याने ती भागीदार ठरत नाही, असे सांगण्यासाठी. खंडाळ्याची विधवा त्या चौकटीत मुळीच बसली नसती. त्याच घाटात साथींनी आणि अपघातांनी मेलेल्या हजारो मजुरांसाठी मात्र कोणत्याच कायद्यात शब्द नव्हता.

हिंदुस्थानात भागीदारीची लेखी व्याख्या १८७२ च्या करार कायद्यातील कलम २३९ ने दिली : मालमत्ता, श्रम किंवा कौशल्य एकत्र करून नफा वाटून घेण्याचा करार. १९३२ च्या भागीदारी कायद्याने कलम ४ मध्ये ती बदलली. धंदा सर्वांनी, किंवा 'सर्वांच्या वतीने' काहींनी चालवायचा, हे शब्द आले. कॉक्स विरुद्ध हिकमनचा धडा त्या दोन शब्दांत सामावला आहे.

संचालकांच्या कर्तव्यांना मात्र कितीतरी अधिक वाट पाहावी लागली. अमेरिकी यादवी युद्धाच्या काळात कापसाच्या पैशाने मुंबईत कंपन्यांचे पीक आले. प्रेमचंद रायचंद संचालक असलेल्या बँक ऑफ बॉम्बेने शेअर तारण घेऊन कर्जे उधळली. १८६५ मध्ये बाजार कोसळला, १८६८ मध्ये बँक बुडाली, आणि चौकशी आयोगाला संचालकांच्या निष्काळजीपणाचे पान उलटावे लागले. तरीही १८६६, १८८२, १९१३ आणि १९५६ या कोणत्याच कंपनी कायद्याने ही कर्तव्ये एका कलमात मांडली नाहीत. ती न्यायालयांच्या निवाड्यांत विखुरलेली राहिली. एकत्र आली ती २०१३ च्या कायद्यातील कलम १६६ मध्ये : सद्भाव, वाजवी काळजी, स्वतंत्र निर्णय, हितसंबंधांचा संघर्ष टाळणे. भागधारकांबरोबर कर्मचारी, समाज आणि पर्यावरण हे शब्दही त्यात आहेत.

ठाणे-कल्याण मार्गाच्या त्या कंपनीला ही कसोटी कधीच लागली नाही. १९०० साली सरकारने तिची मालमत्ता विकत घेतली, पण चालवण्याचे काम कंपनीकडेच ठेवले. १ जुलै १९२५ रोजी कारभारही सरकारने हाती घेतला, आणि लंडनहून मुंबईची गाडी चालवण्याचा प्रकार संपला.