नैवेद्याचे पान आणि रोजचे ताट

गणपती जवळ आले की आपल्या इंदूरच्या मराठी घरांत हल्ली दोन चर्चा एकदमच सुरू होतात. मोदक उकडीचे करायचे की तळणीचे, ही पहिली. आणि ते घरात कोणाकोणाला चालतील, ही दुसरी. आजोबांना मधुमेह, सूनबाईंनी गोड सोडलेले, नातवाच्या फोनमध्ये रोजच्या उष्मांकांचा हिशेब. मग कोणीतरी म्हणते, आपले सणच मुळी तब्येतीला वाईट. त्यावर दुसरे कोणी म्हणते, वाडवडील हेच खाऊन ठणठणीत राहिले. बोलतात दोघेही ठामपणे, पण वाडवडील नेमके काय खात होते आणि कधी खात होते, हे सहसा कोणी पाहत नाही. म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने आपल्या नैवेद्याच्या पानाचा थोडा मागोवा घ्यावा, असे आम्हाला वाटले.

हे पान फार जुने आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याचा 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ बाराव्या शतकातला. त्यात 'अन्नभोग' असे स्वतंत्र प्रकरण असून मंडक, पोलिका, पूरिका, वटक असे पदार्थ येतात. आपण त्यांना मांडे, पोळी, पुरी आणि वडे म्हणून ओळखतो. कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण, मराठी आणि कानडी मुलखांच्या सांध्यावरचे गाव. म्हणजे या पानातल्या काही वस्तूंचे वय नऊशे वर्षांपेक्षा कमी नाही.

दुसरा ग्रंथ सतराव्या शतकातला. तंजावरला व्यंकोजीराजे भोसल्यांचे राज्य असताना त्यांच्या राणी दीपाबाई यांच्या आश्रयाने रघुनाथ नवहस्त या मराठी पंडिताने 'भोजनकुतूहल' रचला. आपल्यासारख्याच, महाराष्ट्राबाहेर स्थिरावलेल्या मराठी समाजात तयार झालेले हे पुस्तक आहे, म्हणून आपल्याला त्याचे अगत्य अधिक. त्यात जिलबीची कृती आहे, तसेच धान्ये, भाज्या, दूध, ताक यांचे गुणदोषही आहेत. कोणते अन्न कोणाला मानवते आणि कोणाला नाही, हा विचार तिथे पदार्थाच्या जोडीनेच केलेला दिसतो. तेव्हा 'चवीने खावे की तब्येतीने' हा वाद आपल्याकडे आहारतज्ज्ञांनी आणला, असे समजण्याचे कारण नाही. तो स्वयंपाकघरात आधीपासून होता.

आता माळव्याकडे येऊ. होळकरांच्या पदरी असलेली मराठी कुटुंबे अठराव्या शतकात इकडे येऊ लागली. १८१८ च्या जानेवारीत मंदसौरचा तह झाला, होळकरांची राजधानी इंदूरला आली आणि कारकून, शिलेदार, पुराणिक, वैद्य, व्यापारी अशा कितीतरी घरांनी इथे कायमचा मुक्काम केला. येताना त्यांनी देव आणले, कुळाचार आणले. पण नारळाची झाडे काही आणता आली नाहीत. माळवा हा गव्हाचा, हरभऱ्याचा आणि ज्वारीचा मुलूख. कोकणात घरचा तांदूळ आणि परसातला नारळ, म्हणून तिथे उकडीचा मोदक सहज होई. इथे कणकेची पारी, आत सुके खोबरे किंवा खवा आणि माळव्यातच मुबलक पिकणारी खसखस, असा तळणीचा मोदक रुजला. देशावरही गव्हाच्या भागात तळणीचे मोदक होतच होते. पुढे दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी इंदूरच्या रेल्वेसाठी सरकारला एक कोटी रुपये कर्जाऊ दिले, खंडव्याहून गाडी आली आणि मुंबईचा बाजार जवळ आला. नारळ सोपा झाला, तसा उकडीचा मोदकही इथल्या घरांत दिसू लागला. तेव्हा 'खरा मोदक कोणता' या वादाचे उत्तर शास्त्रात शोधण्यापेक्षा शेतात शोधावे. जे पिकले त्याचा मोदक झाला. बडोद्याच्या मराठी घरांतही शेजारच्या गुजराती रीतीप्रमाणे तुरीच्या डाळीचे पुरण होऊ लागले. तिथल्या देवाने ते नाकारल्याचे ऐकिवात नाही.

हे पान सगळ्यांकडे सारखे मात्र नव्हते. वाड्यावरची पंगत वेगळी आणि पागेतल्या माणसाचे घर वेगळे. बहुतेक घरांत वर्षातले मोजके दिवस सोडले, तर गोड म्हणजे फार तर गुळाचा खडा. गहूसुद्धा सणाचा, एरवी ज्वारीची किंवा मक्याची भाकरी. ही गोष्ट लक्षात ठेवली म्हणजे पुढचा हिशेब नीट लागतो.

भाद्रपदातला हा आठवडाच पाहा. चतुर्थीला मोदक, आणि तेही एकवीस, मोजून. दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमी. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचे खायचे नाही, म्हणून नांगरल्या जमिनीतले धान्य वर्ज्य. परसात आपोआप किंवा हाताने लावून आलेल्या भाज्यांची एकच भाजी : अळू, लाल माठ, भोपळा, पडवळ, दोडकी, कणसाचे तुकडे. आपल्याकडे त्यात गिलकीही पडते. मसाला जवळजवळ नाही आणि तेलही नावालाच. ज्या दिवशी पोटाला आदल्या दिवशीच्या तुपातून सुटका हवी असते, नेमक्या त्याच दिवशी ही भाजी येते. व्रत करणाऱ्या बायकांनी ते व्रत म्हणून केले, पण त्याचा फायदा सगळ्या घराला झाला.

पुढे गौरी, आपल्यापैकी अनेकांच्या घरच्या महालक्ष्म्या. आवाहनाच्या दिवशी त्यांना पक्वान्न नसते. भाजी-भाकरीचा नैवेद्य असतो. माहेरवाशीण प्रवासातून आली आहे, तिला आधी साधे जेवण, हा त्यातला भाव. पूजनाच्या दिवशी पुरणपोळी, पण तिच्याबरोबर सोळा भाज्या, पाच कोशिंबिरी, कढी आणि ज्वारीची आंबील. त्या दिवशीचे पान डोळ्यांसमोर आणा. डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबिरी. उजवीकडे भाज्या. मध्ये वरणभाताची लहानशी मूद. पुरणपोळी मानाची, पण पानातली सगळ्यात मोठी जागा भाज्या आणि डाळींचीच. आजचे आहारतज्ज्ञ अर्धे ताट भाज्यांचे ठेवा म्हणतात. महालक्ष्म्यांचे ताट त्याहून फारसे निराळे नाही.

शिवाय या साऱ्याला एक लगाम होता, आणि तो मनुष्यबळाचा. पीठ जात्यावर, पुरण पाट्यावर, वेलदोडे खलबत्त्यात. एकवीस मोदकांना कळ्या पाडायच्या म्हणजे दोन बायकांची सकाळ जायची. ज्याला इतके कष्ट पडतात ते रोज होत नाही. घरातल्या बायकांच्या दुखऱ्या हातांवर उभी असलेली ही मर्यादा परत आणावी, असे आम्ही मुळीच म्हणणार नाही. पण ती मर्यादा गेली आणि तिच्या जागी दुसरी आली नाही, एवढे खरे.

पान बदलतच होते. मिरची, बटाटा, टोमॅटो, शेंगदाणे, मका हे सगळे मूळचे अमेरिकेतले. पोर्तुगीज व इतर दर्यावर्दींबरोबर ते आपल्याकडे आले. म्हणजे 'मानसोल्लासा'तल्या राजाला तिखटासाठी मिरी आणि आल्यावरच भागवावे लागले, आणि आपला इंदुरी भुट्ट्याचा कीस त्याला स्वप्नातही दिसला नसणार. उपासाचा साबुदाणा ज्या टॅपिओका कंदापासून होतो, तोही अमेरिकेतलाच, आणि तमिळनाडूतल्या सेलम भागात त्याचे कारखाने निघाले ते १९४० नंतरच्या काळात. आज साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी आणि दाण्याची आमटी असा 'जुन्या पद्धतीचा' उपास करताना आपण बहुतेक परदेशी पाहुण्यांनाच पंगतीला बसवतो. त्यापूर्वी उपासाला वरी, राजगिरा, शिंगाडा, रताळी, फळे आणि दूध असे. रताळेही तिकडूनच आलेले, पण निदान ते उकडून खाल्ले जाई.

छापील पाककृतींतूनही हा बदल पाहता येतो. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे 'सूपशास्त्र' १८७५ साली निघाले. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे 'गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया' १९१० साली आले. कमलाबाई ओगले यांचे 'रुचिरा' १९७० चे. आईच्या हाताखाली शिकायची गोष्ट पुस्तकात आली, आणि नोकरीनिमित्त बडोदे, ग्वाल्हेर, हैदराबाद, भोपाळ अशा गावी एकटा संसार थाटणाऱ्या मुलींना त्याचा मोठा आधार झाला. 'रुचिरा'तल्या वाटी-चमच्याच्या मापाने कितीतरी घरांतले मोदक वाचवले आहेत.

बाजारही बदलला. १९३२ साली देशी साखर उद्योगाला जकातीचे संरक्षण मिळाले आणि काही वर्षांतच साखर कारखाने भराभर उभे राहिले. १९३७ च्या सुमारास डालडा आला आणि साजूक तुपाच्या जागी वनस्पती तूप बसले. अर्थात साखर लगेच मुबलक झाली नाही. महायुद्धापासून पुढे कित्येक वर्षे ती रेशनवर होती. १९६५ साली पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींनी आठवड्यातून एक वेळचे जेवण सोडण्याचे आवाहन केले आणि सोमवारी रात्री असंख्य घरांत चूल पेटली नाही. आमच्या पिढीचे लोक लहानपणी रेशनच्या रांगेत पिशवी घेऊन उभे राहिलेले आहेत. साखर मोजून मिळत होती, म्हणून मोजूनच खर्च होत होती.

नंतर तिची मोजणी थांबली. सणाच्या पानावरची नव्हे, रोजच्या ताटातली. चहाचेच घ्या. विसाव्या शतकाच्या आरंभी आपल्या बहुतेक घरांना चहा ठाऊकही नव्हता. चहा-मळेवाल्यांच्या संस्थांनी गावोगावी तो फुकट पाजून, करून दाखवून लोकांना त्याची सवय लावली. आज आम्हा सरकारी नोकरांचा दिवस चहावरच चालतो. घरी दोन आणि कार्यालयात दोन, असे चार कप धरले आणि प्रत्येकात दोन चमचे साखर धरली, तर आठ चमचे, म्हणजे निदान बत्तीस ग्रॅम साखर झाली. आता मोदक मोजू. एकवीस मोदकांना तीनशे ग्रॅम गूळ लागला, तर एका मोदकाच्या वाट्याला चौदा-पंधरा ग्रॅम येतो. म्हणजे नुसत्या चहातून आपण रोज दोन मोदकांचे गोड पितो, वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस, आणि चतुर्थीला एक मोदक हातात घेताना मात्र मनात चोरी वाटते!

चहाबरोबरची बिस्किटे, बढतीचे पेढे, निरोपसमारंभाची कचोरी-जिलबी, वाढदिवसाचा केक आणि रात्री सराफ्यातली फेरी आम्ही या हिशेबात अजून धरलेली नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीप्रमाणे वरून घातलेली साखर दिवसाला सुमारे पन्नास ग्रॅमच्या आत असावी, आणि पंचवीसच्या आत राहिली तर उत्तम. गुळालाही हाच नियम लागू आहे. गूळ म्हणजे औषध, ही समजूत मधुमेह झालेल्या माणसाला महागात पडते.

हा हिशेब नुसता कागदावरचा नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. पाहणीतले सर्वाधिक प्रमाण गोव्यात होते, २६.४ टक्के. आपल्या मंडळाच्या कोणत्याही पंगतीत उजळणी केली तरी गोळी घेऊन जेवायला बसणारे दर ओळीत सापडतील. आणि त्यांच्याच पानावरून सर्वांत आधी मोदक उचलला जातो. ज्या आजीने पन्नास वर्षे सगळ्यांसाठी कळ्या पाडल्या, तिला चतुर्थीला सांगायचे की तुला नाही. तिच्या सकाळच्या दोन चमच्यांच्या चहाबद्दल मात्र कोणी अवाक्षर काढत नाही. आम्हाला हा अन्याय वाटतो. डॉक्टरांनी पूर्ण मना केले असेल तर ते मानलेच पाहिजे; पण पुष्कळ घरांत डॉक्टरांना न विचारताच हा निकाल लागतो.

आमचे म्हणणे एवढेच की सण काही वाढलेला नाही. सणाभोवतीचे साधे दिवस कमी झाले आहेत. मोदक कापून अर्धा करण्याआधी ते साधे दिवस परत आणावेत. चहातला एक चमचा आजपासून कमी करता येतो. ऋषीची भाजी वर्षातून एकदाच का, दर आठवड्याला का होऊ नये? ज्वारीची भाकरी माळव्याच्या मातीतलीच आहे. महालक्ष्म्यांच्या पानावरच्या पाच कोशिंबिरींपैकी एक तरी रोज ताटात असावी. आणि कळ्या पाडायला घरातले पुरुष व मुलगे बसले, तर कष्टही वाटले जातील आणि एक मोदक किती मेहनतीचा असतो, हेही कळेल.

आपल्या मंडळालाही एक सुचवावेसे वाटते. दहा दिवसांच्या आरतीनंतर रोज पेढे किंवा बुंदीच वाटण्याऐवजी काही दिवस वाटली डाळ, उसळ, फळे, खोबरे-खिरापत असा प्रसाद ठेवावा. वाटली डाळ हा आपल्याकडचा विसर्जनाचा जुनाच प्रसाद आहे, त्यात नवे काही नाही. आणि पहिल्या दिवशीचा मोदक तेवढा सगळ्यांना मिळावा, एकेकच, मोजून, गोळी घेणाऱ्या आजी-आजोबांना तर डॉक्टरांना विचारून पण हमखास. हा लेख लिहून झाल्यावर आमच्या कार्यालयातल्या मराठी मंडळींनी चारऐवजी दोनच चहा घ्यायचे ठरवले आहे. अनंत चतुर्दशीपर्यंत किती जण टिकतात, ते पुढच्या स्मरणिकेत कळवू.

गणपती बाप्पा मोरया!