इस्किया : ज्वालामुखीच्या उष्णतेवर वसलेले उपचारांचे बेट

इटलीतील नेपल्सच्या आखातात असलेले इस्किया हे सुमारे ४६ चौरस किलोमीटरचे बेट गरम पाण्याच्या झऱ्यांसाठी व औषधी चिखलाच्या लेपांसाठी प्रसिद्ध आहे. सांधेदुखी व त्वचाविकारांनी त्रस्त असलेले रुग्ण शतकानुशतके येथे येत आहेत. मात्र ज्या भूगर्भीय शक्तींमुळे हे झरे वाहतात, त्यांनीच या बेटावर मोठी जीवितहानीही घडवली आहे.

इस्किया हा जागृत ज्वालामुखी असून त्याचा अखेरचा उद्रेक १३०२ साली झाला. पावसाचे आणि समुद्राचे पाणी भेगांतून खोलवर झिरपते, तप्त खडकांच्या सान्निध्यात तापते आणि क्षार विरघळवून घेत पुन्हा वर येते. मारोंती किनाऱ्यावर काही ठिकाणी वाळूच इतकी तापलेली असते, की तीत अंडी पुरून शिजवता येतात.

इसवी सनापूर्वी आठव्या शतकात ग्रीकांनी येथे वसाहत केली. नित्रोदी झऱ्यापाशी रोमन काळात जलदेवतांना अर्पण केलेली संगमरवरी शिल्पे सापडली आहेत. १५८८ साली जूलिओ याझोलिनो या वैद्याने बेटावरील झरे व त्यांचे उपयोग यांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. काही झऱ्यांत रेडॉन हा किरणोत्सर्गी वायू आढळतो. मेरी क्यूरी यांनी १९१८ साली येथील पाण्याचा अभ्यास केला होता.

लेपासाठी बारीक माती झऱ्याच्या पाण्यात कित्येक महिने मुरवली जाते. हा गरम चिखल दुखऱ्या भागावर काही वेळ ठेवून नंतर रुग्णाला स्नान व विश्रांती दिली जाते. गुडघ्यांच्या संधिवातात त्यामुळे काही काळ वेदना कमी होतात, असे अभ्यासांत आढळले आहे. सर्व रोग बरे करण्याचे दावे मात्र जाहिरातीपुरतेच समजावेत. हृदयविकार असलेल्यांनी व गर्भवतींनी वैद्यकीय सल्ल्याशिवाय हे उपचार घेणे धोक्याचे आहे. डॉक्टरांनी लिहून दिल्यास इटलीची सार्वजनिक आरोग्यसेवा अशा उपचारांच्या खर्चाचा भार उचलते.

एपोमेओ पर्वताच्या उत्तर पायथ्याशी असलेले कासामिच्चोला हे जुने स्नानक्षेत्र. २८ जुलै १८८३ च्या रात्री, ऐन हंगामात, तेथे भूकंप झाला आणि दोन हजारांहून अधिक लोक मरण पावले. सौंदर्यशास्त्राच्या अभ्यासकांना परिचित असलेले तत्त्वज्ञ बेनेदेत्तो क्रोचे तेव्हा १७ वर्षांचे होते. ते ढिगाऱ्याखालून वाचले; आईवडील व बहीण मात्र दगावली. २१ ऑगस्ट २०१७ चा धक्का केवळ ४ च्या आसपास तीव्रतेचा होता. तरीही केंद्र अगदी उथळ असल्याने घरे कोसळली व दोघांचा बळी गेला. २६ नोव्हेंबर २०२२ रोजी अतिवृष्टीनंतर याच उतारावरची दरड गावावर आली. तीत १२ जण मृत्युमुखी पडले आणि अनधिकृत बांधकामांचा जुना वाद पुन्हा पेटला.

बेटावरील भूहालचालींवर नेपल्स येथील, १८४१ साली स्थापन झालेली, व्हेसुव्हियस वेधशाळा लक्ष ठेवते.