अंड्यांचा बॉक्स आणि मामांचा कांदा



महिन्याचा घरखर्च लिहिताना (सीए आहे, सवय जात नाही!) अंड्यांच्या ओळीवर माझं पेन थांबतं. "काय महाग झालीत!" असं तुमच्याही घरी होत असेल. पण स्वस्त अंडं कुणाच्या जिवावर मिळतं, हे इथला इतिहास फार नीट दाखवतो. मुलांना सांगण्यासारखा आहे, म्हणून लिहितेय.

जून १९४१ पासून ब्रिटनमध्ये अंडी रेशनवर होती. माणशी आठवड्याला एक, तेही मिळालं तर. बाकी भिस्त अमेरिकेहून येणाऱ्या अंड्याच्या पावडरीवर. युद्ध संपलं तरी रांगा संपेनात, तेव्हा १९४५ मध्ये इथल्या गृहिणींनी 'ब्रिटिश हाउसवाइव्ह्ज लीग' काढली. ओळखीचं वाटतंय ना? १९७२ मध्ये मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्याबरोबर बायका लाटणी घेऊन महागाईविरुद्ध रस्त्यावर उतरल्या होत्या. घरखर्च जिच्या हातात, तिलाच आधी चटका बसतो.

मार्च १९५३ मध्ये अंड्यांचं रेशन उठलं आणि प्रश्न उलटा झाला. अंडी भरपूर आली, भाव पडला, तर शेतकऱ्याने काय करायचं? म्हणून १९५७ मध्ये एग मार्केटिंग बोर्ड आलं. ते अंडी गोळा करायचं, सिंहाचा छोटा शिक्का मारून विकायचं, आणि मागे सरकारचा हमीभाव असायचा. १९७१ मध्ये बोर्ड बंद झालं. (आज दिसतो तो लाल सिंह १९९८ पासूनचा. कोंबड्यांना साल्मोनेलाची लस दिली आहे, ही त्याची खूण.) पुढे सुपरमार्केटं मोठी झाली आणि भाव ठरवताना त्यांचंच पारडं जड झालं.

नोव्हेंबर २०२२ आठवतोय? आस्डामध्ये माणशी दोनच बॉक्स, लिडलमध्ये तीन. सगळे म्हणाले, बर्ड फ्लू. तो होताच. पण युक्रेन युद्धानंतर कोंबड्यांचं खाद्य आणि वीज महागली होती. दुकानात अंड्याचा भाव वाढला, पण आमच्यापर्यंत पुरेसे पैसे आलेच नाहीत, असं शेतकऱ्यांच्या संघटना सांगत होत्या. कित्येकांनी नवीन कोंबड्या भरल्याच नाहीत. इथे अंड्यांवर व्हॅट शून्य आहे. म्हणजे आपण देतो ते सगळे पैसे दुकानदार, पॅकिंगवाला आणि शेतकरी यांच्यातच वाटले जातात. वाटणी कशी झाली, ते मात्र पावतीवर छापलेलं नसतं.

आता माझी गोष्ट. माझे मामा निफाड तालुक्यात कांदा पिकवतात. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली. मी फोनवर आईला म्हटलं, "बरं झालं गं, तुला पुण्यात कांदा स्वस्त मिळेल." फोन स्पीकरवर होता आणि मामा शेजारीच बसले होते. ते एवढंच म्हणाले, "तुझ्या आईला स्वस्त मिळेल गं, खरंय." पुढे काही बोलले नाहीत. मला आजही ते आठवलं की ओशाळल्यासारखं होतं.

स्वस्त हवं असणं चूक नाही. मार्च २०२३ मध्ये इथली खाण्यापिण्याची महागाई १९ टक्क्यांवर गेली होती. कमी पगाराच्या घरांनी ते वर्ष कसं काढलं, आपण पाहिलंय. पण महाग झालं की सरकार हलतं, कारण खाणारे जास्त आणि पिकवणारे थोडे. पिकवणाऱ्याचा भाव पडला की त्याची बातमी उशिरा होते, कधी होतच नाही.

या शनिवारी मुलांना अंड्यावरचा शिक्का वाचायला द्या. पहिला आकडा ० म्हणजे ऑरगॅनिक, १ म्हणजे बाहेर फिरणारी कोंबडी, २ म्हणजे शेडमधली, ३ म्हणजे पिंजऱ्यातली. मग विचारा, "या बॉक्समधले शेतकऱ्याला किती मिळाले असतील?" उत्तर आपल्यालाही येणार नाही. पण प्रश्न विचारायची सवय लागेल.

तुमच्यापैकी कुणाच्या घरी शेती आहे? तिकडचा भाव आणि इकडचा भाव, दोन्ही कमेंटमध्ये लिहा. हिशोब मी मांडते!