दरीत उतरणारी माणसं

आमच्या बीड जिल्ह्यातला धर्मापुरीचा किल्ला भुईकोट आहे. जुन्या देवळांचे कोरीव दगड त्याच्या भिंतींत दिसतात. इथं कडा नाही, दरी नाही. पण मराठवाड्यातल्या कुठल्याही गावाला एक गोष्ट माहीत असते. विहिरीत कुणी पडलं की पोहणारा माणूस कमरेला चऱ्हाट बांधून उतरतो आणि बाकीचे वरून ओढतात. आत पडलेला कुणाचा कोण, हे तेव्हा कुणी विचारत नाही.

सह्याद्रीत हेच काम मोठ्या प्रमाणावर करणारी पथकं आहेत. किल्ले कुणी घेतले, कुणी गमावले याचा इतिहास आपण पाठ केला. त्याच किल्ल्यांच्या कड्यांवरून पडलेल्यांना वर आणणाऱ्यांचा इतिहास मात्र फारसा लिहिला गेला नाही.

मुंबईत 1954 साली ‘गिरिविहार’ सुरू झाली आणि पुढं गावोगावी गिर्यारोहण संस्था निघाल्या. दोर कसा बांधायचा, कड्यावरून कसं उतरायचं, हे या मुलांना येत होतं. म्हणून अपघात झाला की पोलीस त्यांनाच हाक मारू लागले. लोणावळ्याची ‘शिवदुर्ग मित्र’, खोपोलीची ‘यशवंती हायकर्स’, महाबळेश्वरची ‘सह्याद्री ट्रेकर्स’ ही त्यातली ठळक नावं. यातले बहुतेक जण नोकरी-धंदा सांभाळून येतात. जखमीला स्ट्रेचरवर बांधून रात्री निसरड्या वाटेनं खाली आणायचं तर खांदे आलटून पालटून द्यावे लागतात. दहा-बारा माणसंही कमी पडतात.

इंग्लंडमध्येही याची सुरुवात गिर्यारोहकांनीच केली. 1928 साली एका जखमी गिर्यारोहकाला वेदनाशामक औषधाशिवाय, कामचलाऊ स्ट्रेचरवरून तासन् तास वाहून आणलं गेलं. शेवटी त्याचा पाय कापावा लागला. शस्त्रक्रिया करणारे डॉ. विल्सन हे यांनी मग डोंगरातल्या मदत केंद्रांवर परवानगी नसताना मॉर्फिन ठेवायला सुरुवात केली. 1949 मध्ये त्यांना दहा पौंड दंड झाला, पण त्यानंतर सरकारनंच परवानगी दिली.

आपल्याकडं 19 जुलै 2023 च्या रात्री रायगड जिल्ह्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. ठाकरांची वस्ती, गाडीचा रस्ता नाही. पाऊस आणि धुक्यामुळं हेलिकॉप्टर उडेना, यंत्रं वर जाईनात. एनडीआरएफच्या जवानांबरोबर आसपासचे गिर्यारोहकही चिखल हातानं उपसत होते. मदतीला निघालेले नवी मुंबई अग्निशमन दलाचे एक अधिकारी तो डोंगर चढतानाच गेले. 27 मृतदेह मिळाले. 57 जण सापडलेच नाहीत. चार दिवसांनी शोध थांबवला गेला आणि ती जागाच त्यांची कबर झाली.

पुढच्या वर्षीची घटना आपल्या लोकांना अधिक जवळची. 30 जून 2024, रविवार. भुशी धरणामागच्या धबधब्यात पुण्याचं एक मुस्लिम कुटुंब अडकलं. पाणी अचानक वाढलं. एकमेकांना घट्ट धरून उभ्या असलेल्या त्या माणसांचा व्हिडिओ घरोघरी पाहिला गेला. एक बाई आणि चार मुलं गेली. व्हिडिओ पाहून उपदेश करणारे बरेच होते. त्याच वेळी ‘शिवदुर्ग’चे कार्यकर्ते आणि नौदलाचे पाणबुडे गढूळ पाण्यात शोध घेत होते. शेवटचा देह हाती येईपर्यंत हा शोध चालला.

आपल्याकडं मय्यतीला गुस्ल देणं, कफन, नमाज आणि दफन हे फर्ज-ए-किफाया आहे. काहींनी ते केलं की सगळ्यांची जबाबदारी उतरते, कुणीच केलं नाही तर सगळेच गुन्हेगार. पण गुस्ल द्यायला आधी देह हाती यावा लागतो. लोणावळ्यात तो शोधून देणाऱ्या पथकाचं नाव शिवाजी महाराजांच्या दुर्गांवरून घेतलेलं होतं. त्यांनी त्या मुलांची नावं आधी विचारली नाहीत.

अशा पथकांत आपल्या वस्तीतली किती पोरं आहेत? पावसाळ्यात डोंगरावर जाणारी आपल्यात भरपूर आहेत. त्यातल्या दोघा-चौघांनी दोराची गाठ शिकून घेतली तर या कामातला आपला वाटाही थोडा उचलला जाईल.