छावणीचे मैदान आणि नवा उस्ताद

बंगळूरच्या ज्या भागाला कानडी माणूस आजही 'दंडू' म्हणतो आणि ज्याला पुण्याचा रहिवासी आपल्याकडील वहिवाटीने सरळ 'लष्कर' म्हणेल, त्या भागात अलसूरच्या तळ्याजवळ गौतमपुरा नावाची एक दाटीवाटीची वस्ती आहे. तेथे बुद्ध, आंबेडकर आणि मदर तेरेसा यांच्या पुतळ्यांच्या जोडीला पायाशी चेंडू असलेला चौथा एक पुतळा उभा आहे आणि तो ब्राझीलच्या पेले यांचा आहे. मी तो प्रथम पाहिला तेव्हा बराच वेळ तेथून हललो नाही. कारण ज्या देशात क्रिकेटवाचून दुसरा खेळ नाही असे मानण्याचा प्रघात पडला आहे, त्या देशातील एका श्रमिक वस्तीने आपल्या वंदनीय व्यक्तींच्या पंक्तीत एका फुटबॉलपटूला बसवावे, यामागे बराच मोठा आणि बव्हंशी अलिखित असा इतिहास असला पाहिजे, हे त्याच क्षणी मनात आले.

या शहराशी मराठी माणसाचे नाते जुने आहे. १६३८ साली विजापूरकरांच्या फौजेने केंपेगौडाकडून हे ठाणे जिंकले, ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले, व्यंकोजीराजांकडे राहिले, आणि १६८७ मध्ये मोगलांनी ते घेऊन म्हैसूरच्या चिक्कदेवराजाला ३ लाख रुपयांस दिले, ही हकिकत आपल्या वाचकांस परिचित आहे. परंतु ते बंगळूर पेठेचे आणि किल्ल्याचे. फुटबॉलचे बंगळूर त्याहून निराळे आणि पुष्कळ अलीकडचे. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडल्यावर तेथे मुक्काम ठोकलेल्या इंग्रजी पलटणींना हिवतापाने इतके जर्जर केले की, १८०९ साली ती छावणी उचलून बंगळूरच्या थंड, उंच पठारावर आणावी लागली. आणि पलटणींच्या मागोमाग मद्रास इलाख्यातून खानसामे, भिस्ती, मोतद्दार, शिंपी आणि धोबी असा सारा परिवार येऊन अलसूरच्या परिसरात वसला. १८३४ पासून मद्रास सॅपर्सचे मुख्य ठाणेही येथेच झाले. १८८१ मध्ये म्हैसूरचे संस्थान वडियार घराण्यास परत मिळाले, तरी छावणीचा मुलूख मात्र इंग्रजांनी आपल्या अंमलाखाली ठेवला, तो थेट १९४७ पर्यंत. त्यामुळे एकाच गावात दोन गावे नांदत राहिली आणि फुटबॉल हा दुसऱ्या गावाचा, म्हणजे तमिळ आणि उर्दू बोलणाऱ्या, पलटणीच्या आश्रयाने जगणाऱ्या गावाचा खेळ झाला.

तो त्यांना कोणी शिकविला नाही. गोऱ्या सोल्जरांचा खेळ परेडच्या मैदानाच्या कडेला उभे राहून पाहावा आणि संध्याकाळी तोच आपल्या गल्लीत अनवाणी पायांनी करून पाहावा, हीच त्यांची तालीम. बूट घालून खेळणारा चेंडूला बुटाच्या कडक टोकाने हाणू शकतो. अनवाणी खेळणाऱ्याला ते शक्य नसते, कारण त्या काळचा चेंडू जाड चामड्याचा, वादीने आवळलेला आणि पावसात भिजला म्हणजे दगडासारखा जड होणारा असे. म्हणून घोट्याभोवती पट्टी गुंडाळून पाऊल तिरपे करायचे, चेंडू पायाच्या आतल्या बाजूवर झेलायचा, बोटांनी अंमळ मागे ओढायचा आणि समोरच्याचे वजन चुकीच्या पायावर पडताच बाजूने काढून न्यायचा. गरजेतून आलेली ही रीत पुढे कौशल्य झाली आणि कौशल्यातून शहराची शैली झाली.

या शैलीची पहिली साक्ष बंगळूरने दिली ती आपल्या मुंबईत, कूपरेजच्या मैदानावर. रोव्हर्स चषकाची स्पर्धा १८९१ मध्ये सुरू झाली आणि पुढील पंचेचाळीस वर्षांत त्या चषकावर कोणाही हिंदी संघाचे नाव कोरले गेले नव्हते. १९३७ साली बंगळूर मुस्लिम्स या संघाने कलकत्त्याच्या महमेडन स्पोर्टिंगला अंतिम सामन्यात १-० असे हरवून तो मान मिळविला. आणि हा योगायोग म्हणावा तर पुढल्याच वर्षी त्याच संघाने आर्गाइल अँड सदरलंड हायलँडर्स या गोऱ्या पलटणीला ३-२ असे नमविले. ज्यांचा खेळ पाहून ही मुले शिकली, त्यांच्याच जातीच्या एका पलटणीवरचा हा विजय! १९११ मध्ये मोहन बागानने मिळविलेल्या आय.एफ.ए. ढालीची कथा आपल्याकडे शाळकरी पोरांना ठाऊक असते. मात्र आपल्याच शहरात घडलेल्या या पराक्रमाची मराठी वाचकाला आठवण नाही, याची मला मनापासून खंत वाटते. पुढे १९४८ मध्ये खुद्द मोहन बागानला १-० असे हरवून बंगळूर मुस्लिम्सने हा चषक तिसऱ्यांदा नेला.

त्याच वर्षी लंडनला ऑलिंपिक सामने झाले. ३१ जुलै रोजी इलफर्ड येथे फ्रान्सविरुद्ध उतरलेल्या हिंदी संघात मुंबईचे रामचंद्र परब होते, आणि बंगळूरच्या छावणीने दिलेले वरदराज, रामन आणि अहमद खान होते. बहुतेकांच्या पायांत बूट नव्हते. आपण दोन पेनल्टी वाया घालविल्या आणि सामना २-१ असा गमावला. आपला एकमेव गोल, जो ऑलिंपिकमधील हिंदुस्थानचा पहिला गोल होय, तो रामन यांच्या पायातून आला.

अहमद खान यांच्याविषयी थोडे थांबून लिहिले पाहिजे. १९४९ मध्ये ते कलकत्त्याच्या ईस्ट बंगालकडे गेले आणि व्यंकटेश, अप्पाराव, धनराज, सालेह यांच्यासह त्यांची जी आघाडीची फळी जमली, तिला बंगाल्यांनी 'पंचपांडव' असे नाव दिले. दक्षिणेतून आलेल्या पाच मुलांना त्या रसिक आणि अभिमानी नगराने असे नाव द्यावे, यापरता गौरव तो कोणता? १९४९, ५० आणि ५१ अशी लागोपाठ तीन वर्षे आय.एफ.ए. ढाल ईस्ट बंगालकडे राहिली. १९५२ साली हेलसिंकी येथे युगोस्लाव्हियाने आपला १०-१ असा दारुण पराभव केला, त्या दहांपुढला तो एकही अहमद खान यांचाच. त्या पराभवानंतर आपल्याकडे बूट सक्तीचे झाले.

येथे एक गोष्ट नजरेआड करून चालणार नाही. बंगळूरने माणसे घडविली, पण ती नांदली कलकत्त्यास. आणि याचे कारण केवळ पैसा नव्हता. त्याच काळात हैदराबादेस सय्यद अब्दुल रहीम नावाचा एक शाळामास्तर शहर पोलिसांच्या संघाला शिकवू लागला. त्या संघाने १९५० ते ५४ अशी सलग पाच वर्षे रोव्हर्स चषक जिंकला, आणि तोच मास्तर पुढे हिंदी संघाला मेलबर्न ऑलिंपिकात चौथ्या स्थानापर्यंत व १९६२ मध्ये जाकार्ताच्या सुवर्णपदकापर्यंत घेऊन गेला. मेलबर्नच्या संघातील केंपय्या आणि जाकार्ताच्या संघातील अरुमैनायगम हे म्हैसूरच्या मातीत वाढले, परंतु रहीमसाहेबांच्या हाताखाली त्यांचे सोने झाले. म्हैसूरच्या संघाने १९४६-४७, १९५२-५३, १९६७-६८ आणि १९६८-६९ असा चार वेळा संतोष करंडक जिंकला, तेव्हा गुणांची वाण या शहरात कधीच नव्हती. वाण होती ती त्या गुणांना एका सूत्रात ओवणाऱ्या उस्तादाची. थोरला धाकट्याला शिकवी, धाकटा त्याहून धाकट्याला. आणि मैदान हाच सर्वांचा गुरू.

स्वातंत्र्यानंतर पलटणीची जागा कारखान्यांनी घेतली. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी १९४० मध्ये येथे काढलेला विमानांचा कारखाना, १९४८ ची टेलिफोनची आय.टी.आय., पुढे भारत इलेक्ट्रॉनिक्स, या सर्वांनी खेळाडूंना नोकऱ्या दिल्या, संघ बाळगले, आणि दुपारची हजेरी माफ करून सराव करू दिला. १९७७ साली एर्नाकुलम येथे पहिला फेडरेशन चषक खेळला गेला, तो मोहन बागानला १-० असे हरवून आय.टी.आय.च्या कामगारांनीच आणला. पुढे नोकरभरती आटली आणि तिच्याबरोबर खेळही आटत गेला.

म्हणूनच २०१३ सालचा हंगाम मला या शहराच्या इतिहासात एका वेगळ्या प्रकरणाचा आरंभ वाटतो. आय-लीग या राष्ट्रीय साखळीत नव्या संघाला जागा द्यायचे ठरले, ती जे.एस.डब्ल्यू. या उद्योगसमूहाने घेतली, २० जुलै रोजी 'बेंगळुरू एफसी' या नावाची घोषणा झाली आणि २२ सप्टेंबरला पहिला सामना उभा राहिला. म्हणजे संघ जमवायला हाती दोन महिने. मुख्य प्रशिक्षक नेमला तो ॲश्ली वेस्टवूड नावाचा छत्तीस वर्षांचा इंग्रज. मँचेस्टर युनायटेडच्या युवक संघात शिकलेला, परंतु त्यांच्या पहिल्या संघात कधीच न खेळलेला, आणि मुख्य प्रशिक्षकाच्या दर्जाने बहुधा कोरी पाटी असलेला. छावणीत इंग्रजांचा खेळ कडेला उभे राहून चोरून शिकलेल्या गावाने दोनशे वर्षांनी एका इंग्रजाला पगार देऊन शिकवायला बोलवावे, यात काळाची एक मोठी उलथापालथ दडलेली आहे.

या गृहस्थाने आणलेली विद्या चमत्काराची नव्हती. खेळाडूने काय खावे, किती झोपावे, सामन्यानंतर शरीर कसे पूर्ववत करावे, चेंडू गमावल्यावर पहिल्या काही पावलांत काय करावे, या साध्या दिसणाऱ्या गोष्टींचा त्याने शिरस्ता घालून दिला आणि तो मोडू दिला नाही. सामन्याच्या अखेरच्या वीस मिनिटांत प्रतिपक्षाचे पाय जड होतात, तेव्हा आपले हलके असले पाहिजेत, हा त्यातला मुख्य मुद्दा. जॉन जॉन्सन आणि कर्टिस ओसानो हे बचावाला, कर्णधार सुनील छेत्री आघाडीला. छेत्री याआधी ईस्ट बंगाल, डेम्पो, मोहन बागान अशा संघांतून खेळून आलेले होते, रॉबिन सिंगही ईस्ट बंगालमधून आले. ज्या वाटेने अहमद खान गेले, त्याच वाटेने आता माणसे उलट येऊ लागली होती.

पहिला सामना पडला तोही नेमका मोहन बागानशी. अशोकनगरातले फुटबॉल स्टेडियम तसे लहान. आठ हजारांच्या आसपास माणूस मावणारे, पायऱ्या मैदानाला इतक्या बिलगलेल्या की बाजूचा खेळाडू चेंडू फेकायला आला म्हणजे त्याचा श्वास ऐकू यावा. संघाचा पहिला गोल शॉन रूनी या ऑस्ट्रेलियन खेळाडूने केला आणि सामना १-१ असा बरोबरीत सुटला. पश्चिमेकडील पायऱ्यांवर निळे सदरे घातलेली तरुण मुले, 'वेस्ट ब्लॉक ब्लूज' असे नाव धारण करून, नव्वद मिनिटे उभ्याने गात. त्यांत संगणकाच्या कचेऱ्यांतून सुटून आलेली, देशाच्या कानाकोपऱ्यांतून या शहरात पोटासाठी आलेली मुलेही होती आणि अलसूर-ऑस्टिनटाउनची पिढीजात फुटबॉलवेडी मुलेही. ती दोन गावे त्या पायऱ्यांवर खांद्याला खांदा लावून उभी राहिली, ही मला त्या हंगामाची सर्वांत मोठी कमाई वाटते.

गुणतक्त्याचा हिशेब थोडक्यात असा: २४ सामने, १४ विजय, ५ बरोबरी, ५ पराभव, ४७ गुण, दुसऱ्या क्रमांकावर ईस्ट बंगाल, ४३ गुणांवर. छेत्रींचे गोल १४. निर्णय झाला तो २१ एप्रिल २०१४ रोजी गोव्यात, मडगावच्या फातोर्डा मैदानावर, पाच वेळा राष्ट्रीय विजेता ठरलेल्या डेम्पोला ४-२ असे हरवून. पदार्पणाच्याच हंगामात आय-लीग जिंकणारा हा पहिला संघ.

या यशाच्या भरात एक उणीव झाकून ठेवणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. विजेत्या संघात या शहराच्या गल्ल्यांत वाढलेली मुले थोडीच होती. ज्या मैदानाने रामन आणि अहमद खान दिले, त्याच्या वाट्याला आता बहुतेक करून टाळ्या वाजविण्याचे काम आले. प्रशिक्षक नवा होता, शिस्त नवी होती, आणि तिला मिळण्यासारखी अनवाणी पायांची जुनी विद्या कारखान्यांच्या नोकऱ्यांबरोबर बरीचशी विरून गेली होती. ती दोन्ही एकाच काळात या गावाला लाभली असती तर, हा विचार मला वारंवार अस्वस्थ करतो.

पुढल्या हंगामात संघ कंठीरव स्टेडियममध्ये गेला. संपंगी तळ्याच्या कोरड्या पात्रात ते क्रीडांगण उभे आहे, आणि करगा उत्सवासाठी त्या तळ्याचा एक तुकडा शेजारी अजून राखलेला आहे. अशोकनगरचे लहान स्टेडियम पुन्हा स्थानिक साखळीचे झाले. तेथे मी एका दुपारी गेलो होतो. सॅपर्सचा संघ खेळत होता, पायऱ्यांवर मोजून साठ-सत्तर माणसे, बहुतेक पिकल्या केसांची, हातात शेंगांच्या पुड्या. डाव्या बाजूच्या एका पोरसवदा खेळाडूने चेंडू पायाच्या आतल्या कडेवर घेतला, बोटांनी अंमळ मागे ओढला आणि बचाववाल्याला चुकवून बाहेरच्या बाजूने निघाला, तेव्हा माझ्या पुढच्या पायरीवरचा म्हातारा शेंगा सोलायचा थांबून उर्दूत शेजाऱ्याला विचारू लागला, हा पोरगा कोणाचा, कुठल्या गल्लीचा.