रंगमंचीय प्रकाशदिवे : सुरक्षा-मानके व प्रमाणन

नाट्यगृहे, चित्रीकरणगृहे व मैफलींच्या मंचांवरील व्यावसायिक दिव्यांसाठी घालून दिलेले तांत्रिक नियम आणि त्यांच्या पालनाची पडताळणी. शिकागोच्या इरोक्वॉय थिएटरमध्ये ३० डिसेंबर १९०३ रोजी आर्क दिव्याच्या ठिणगीने पडद्याने पेट घेतला आणि सहाशेहून अधिक माणसे दगावली. मंचावरचा दिवा घरगुती दिव्याच्या निकषांनी तपासून का भागत नाही, याचे हे सर्वांत भीषण उदाहरण होय.

या दिव्यांसाठीचे मुख्य आंतरराष्ट्रीय मानक आयईसी ६०५९८-२-१७ हे आहे. मंचावरील दिवा प्रचंड तापतो, सतत हलवला जातो आणि माणसांच्या डोक्यावर टांगलेला असतो. त्यामुळे मुख्य पकडीखेरीज आधाराची दुसरी, स्वतंत्र सोय आवश्यक ठरते. व्यवहारात ही सोय म्हणजे पोलादी दोर. पकड सुटली तरी तो दिव्याला खाली कोसळू देत नाही. दिवा फुटल्यास काचा अडवणारी जाळी किंवा काच, तसेच ज्वलनशील वस्तूंपासून राखायच्या किमान अंतराची खूण हीही तितकीच महत्त्वाची. धूळ व पाण्यापासूनचे संरक्षण आयपी क्रमांकाने दाखवतात. आयपी६५ दिवा धुळीपासून पूर्ण सुरक्षित असतो व पाण्याचा फवारा सोसतो. एलईडीच्या प्रखर झोताचा डोळ्यांना असणारा धोका आयईसी ६२४७१ नुसार मोजतात.

अमेरिकेत यूएल १५७३ मानकानुसार स्वतंत्र प्रयोगशाळा दिव्याची चाचणी घेते. युरोपातील सीई चिन्ह मात्र अशा दिव्यांच्या बाबतीत सामान्यतः उत्पादकाची स्वतःची घोषणा असते. म्हणून केवळ चिन्हावर न विसंबता खरेदीदाराने चाचणी-अहवाल मागून पाहावा.